कलेजीतला पाण्याचा फोड: हायडॅटिडची गाठ कशी होते आणि गावात ती कशी थांबवायची

बकरं कापलं की कलेजीवर किंवा फुप्फुसावर कधी कधी पांढुरका, ताणलेला, पाण्याने भरलेला फोड दिसतो. कापणारा तेवढा तुकडा सुरीने काढतो आणि जवळ टपून बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. खराब भाग माणसाच्या ताटात गेला नाही, कुत्र्याचंही पोट भरलं, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण हायडॅटिडचा आजार गावात टिकून राहतो तो याच तुकड्यामुळे. पुढे कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघते, तेव्हा त्या कुत्र्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

झालेल्या गाठीवर दवाखान्यात इलाज होतो. नवीन गाठ मात्र मुख्यतः दोन ठिकाणी अडवता येते: बकरं कापायच्या जागेवर आणि कुत्र्याच्या तोंडात घातलेल्या गोळीने. म्हणून खाली या दोन गोष्टी जास्त सविस्तर दिल्या आहेत.

किडा कुठे राहतो, गाठ कुठे होते

हा एक पट्टकृमी आहे. शास्त्रीय नाव एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. पट्टकृमी म्हटलं की हातभर लांब फीत डोळ्यांपुढे येते, पण हा जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा असतो. कुत्र्याच्या लहान आतड्यात तो हजारोंच्या संख्येने चिकटून राहतो आणि कुत्र्याला त्याचा काहीही त्रास होत नाही. कुत्रा वाळत नाही, हगवण लागत नाही, विष्ठेत साध्या डोळ्यांना किडे दिसत नाहीत. 'आमचं कुत्रं धट्टंकट्टं आहे' एवढ्यावरून त्याच्या पोटात हा किडा नाही असं धरून चालू नका.

किड्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती गवताला, मातीला, पाण्याला लागतात, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांनाही चिकटतात. शेळी, मेंढी, म्हैस, बैल, डुक्कर यांच्या पोटात चरताना ती गेली की आतड्यात फुटतात. आतला बारीक जीव रक्तातून कलेजीत किंवा फुप्फुसात जाऊन बसतो आणि तिथे हळूहळू पाण्याची गाठ तयार होते. गाठीच्या आतल्या पडद्यावर किड्याची सूक्ष्म मुंडकी धरतात, मोठ्या गाठीत ती हजारोंनी असतात. कच्ची गाठ कुत्र्याने खाल्ली की त्या मुंडक्यांचे त्याच्या आतड्यात किडे होतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांत त्यांची अंडी पुन्हा विष्ठेतून पडू लागतात. कोल्हे-लांडगेही हा किडा बाळगतात, पण वस्तीपर्यंत अंडी आणतो तो मुख्यतः कुत्राच.

माणसाला गाठ होते ती अंडी तोंडावाटे गेल्यावर. इथे लोकांचे बरेच गैरसमज आहेत. मटणाने, अगदी गाठ असलेल्या कलेजीनेही, माणसाला हायडॅटिड होत नाही, कारण गाठ खाल्ल्याने गाठ होत नाही. गाठ होते कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यातून. त्यामुळे जन्मभर माळकरी असलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. उलट कुत्र्याला आजार लागतो तो कच्च्या गाठीतून, दुसऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून नाही. आणि एका माणसाचा दुसऱ्या माणसाला लागत नाही, तेव्हा घरात रुग्ण असेल तर त्याचं ताट-भांडं वेगळं करायचं काही कारण नाही.

आपल्याकडे हे चक्र फिरायला जागा भरपूर आहेत. जागलीला शेतात राहणारी कुत्री, धनगरांच्या आणि काठेवाडी कळपांसोबत हिंडणारी कुत्री, उन्हाळ्यात खतासाठी शेतात बसवलेली मेंढरं, आठवडी बाजारातलं मटणाचं दुकान, आखाडीचं आणि पोळ्याच्या करीचं बकरं, नवसाची कंदुरी. यातलं काही बंद करा असं म्हणणं नाही. यातलं एकेक काम थोडं वेगळ्या पद्धतीने करायचं आहे.

बकरं कापताना

कंदुरीला शेतात, झाडाखाली बकरं कापतात तेव्हा वजडी धुणं, आतडी फेकणं, खराब भाग काढणं सगळं उघड्यावर चालतं आणि गावातली निम्मी कुत्री तिथे जमलेली असतात. खड्डा आधी खणून ठेवला नसेल तर कापल्यानंतर कुणी खणत नाही. म्हणून क्रम असा ठेवा.

१. कापायच्या आधीच तीन-साडेतीन फूट खोल खड्डा खणा. विहीर, नाला, बोअरवेल यांपासून किमान शंभर फूट लांब. पाळलेली कुत्री त्या दिवशी घरी बांधून या.

२. झाकणाचा डबा किंवा जुनी बादली हाताशी ठेवा. काढलेला प्रत्येक टाकाऊ भाग थेट त्यात जाईल, जमिनीवर पडणार नाही.

३. कलेजी आणि फुप्फुस अखंड बाहेर काढा आणि उजेडात दोन्ही बाजूंनी बघा. नुसतं बघून भागत नाही, बोटांनी दाबून बघा. आत खोल असलेली गाठ वरून दिसत नाही, पण बोटाला टणक लागते.

४. गाठ दिसली तर ती फोडू नका, टोचू नका. आजूबाजूच्या भागासकट तो अवयव डब्यात टाका. गाठ आतून दाबाने भरलेली असते. सुरी लागली की स्वच्छ पाण्याची चिळकांडी उडते आणि त्यातली मुंडकी जमिनीवर सांडतात, जिथे थोड्या वेळाने कुत्रं चाटणारच आहे.

५. काम संपलं की डबा खड्ड्यात रिकामा करा, वरून चुना टाका, किमान दोन फूट माती दाबून भरा आणि त्यावर बाभळीच्या काट्या किंवा मोठे दगड ठेवा. काट्या विसरल्या तर रात्रीतून कुत्री उकरतात. एक-दीड फुटाचा खड्डा हमखास उकरला जातो.

खड्डा शक्य नसेल तर उकळणं हा तितकाच खात्रीचा उपाय आहे. कलेजी, फुप्फुस, गाठीचे भाग पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात टाका आणि पाण्याला उकळी फुटल्यापासून पुढे ३० मिनिटं खळखळ उकळू द्या. मुंडकी मरतात, मग तेच कुत्र्याला खुशाल घाला. निखाऱ्यावर वरून भाजलेला तुकडा मात्र आतून कच्चाच राहतो, तो चालत नाही. मीठ लावून उन्हात ठेवण्यावरही विसंबू नका.

गाठ ओळखायला थोडी नजर लागते. हायडॅटिडची गाठ अवयवाच्या मांसात रुतलेली असते, अर्धीच वर दिसते. आकार वाटाण्यापासून मोसंबीपर्यंत कितीही असू शकतो. भिंत जाड आणि पांढरी, आतला पडदा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा लवचिक. पोटातल्या चरबीच्या जाळीला देठाने लोंबणारी, पातळ भिंतीची, आत एकच पांढरा ठिपका असलेली पाण्याची पिशवी दिसली तर ती वेगळ्या पट्टकृमीची आहे. माणसाला तिचा धोका नसतो, पण तो किडाही कुत्र्याच्याच पोटातला. तशा पिशव्या वारंवार दिसत असतील तर गावातली कुत्री कच्चे अवयव खातात याचा तो पुरावा समजा. कलेजीच्या नळ्यांत पानासारखे चपटे किडे निघाले तर तो यकृतकृमी, त्याचा कुत्र्याशी संबंध नाही.

वयाकडेही लक्ष द्या. गाठ वाढून तिच्यात मुंडकी धरायला बराच काळ जातो, मेंढीत बहुधा दोन-तीन वर्षं. आठ-दहा महिन्यांच्या बोकडात धोक्याची गाठ क्वचितच असते. दूध आटलं म्हणून किंवा गाभण राहत नाही म्हणून कापलेली म्हातारी शेळी-मेंढी खरी जोखमीची, आणि नेमकी तीच स्वस्तात, घरच्या घरी, कुणी न बघता कापली जाते.

मेलेलं जनावर

बैल किंवा म्हैस मेली की गावाबाहेर नेऊन टाकायची ही जुनी रीत. पूर्वी गिधाडं काही तासांत फडशा पाडत. गिधाडाच्या पोटात हा किडा वाढत नाही. गिधाडं गेली ती जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर बहुतेक आकाश रिकामं झालं होतं. आता त्या जागी कुत्र्यांची टोळी बसते, आणि त्यांना सगळ्यांत आधी हवं असतं ते कलेजी-फुप्फुस. जुनी रीत तशीच चालू ठेवण्यातला धोका त्यामुळे कितीतरी वाढला आहे.

जनावर पुरायचं तर सहा फूट खोल, वर चुना आणि माती. जेसीबी मिळाला तर तासाभराचं काम आहे, आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी गावाबाहेर पाण्यापासून लांब एक कायमची कुंपण घातलेली जागा ठरवून दिली तर प्रत्येक वेळी शोधाशोध होत नाही. पूर्ण जनावर पुरणं अजिबात जमत नसेल, तर कातडं काढणाऱ्याकडून निदान कलेजी आणि फुप्फुस वेगळी काढून घ्या आणि तेवढी पुरा किंवा पूर्ण राख होईपर्यंत जाळा. जनावर अचानक मेलं असेल आणि नाका-तोंडातून काळं रक्त येत असेल, तर मात्र ते फाडायचंच नाही. ती फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते. आधी पशुवैद्यकाला बोलवा.

कुत्र्याची गोळी

औषधाचं नाव लक्षात ठेवा: प्राझिक्वांटेल. मात्रा कुत्र्याच्या दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, एकदाच. बाजारात कुत्र्यांच्या जंताच्या ज्या मिश्र गोळ्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल असतं, म्हणजे १० किलोला एक गोळी. आपलं गावठी कुत्रं साधारण १२ ते २० किलोचं, त्याला दीड ते दोन गोळ्या लागतात. वजनाचा अंदाज चुकतोच, म्हणून कापूस मोजायचा काटा वापरा: कुत्र्याला पोत्यात बसवून टांगा, किंवा उभं राहायच्या काट्यावर त्याला उचलून घ्या आणि स्वतःचं वजन वजा करा. मात्रा कमी पडली तर काही किडे जगतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

सगळ्यांत जास्त चूक औषध निवडताना होते. शेळ्यांसाठी आणलेलं अल्बेंडाझोलचं पातळ औषध उरलं की तेच कुत्र्याला पाजतात, किंवा गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन टोचलं की जंतही गेले असं धरतात. नुसतं आयव्हरमेक्टिन, नुसतं पायरँटेल या किड्याला काहीच करत नाही, आणि अल्बेंडाझोलच्या एखाद्या घोटावर भरवसा ठेवता येत नाही. पाकिटावर प्राझिक्वांटेल हे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा वाचूनच गोळी घ्या. माणसांसाठीची ६०० मिलिग्रॅमची गोळी अंदाजाने तोडून देऊ नका. चार आठवड्यांहून लहान पिल्लू, गाभण किंवा आजारी कुत्री असेल तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते.

गोळी कडू असते. भाकरीच्या गोळ्यात, गुळात किंवा उकडलेल्या कलेजीच्या तुकड्यात दडवून द्या. आधी एक बिनगोळीचा तुकडा, मग गोळीचा, लगेच तिसरा बिनगोळीचा, म्हणजे तिसऱ्याच्या घाईत कुत्रं दुसरा न चावता गिळतं. दोन मिनिटं तिथेच थांबा. गालात धरून ठेवून नंतर थुंकणारी कुत्री पुष्कळ असतात. उपाशी ठेवायची गरज नाही.

यानंतरचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. गोळी किडा मारते, त्याच्या पोटातली अंडी मारत नाही. मेलेले किडे विष्ठेतून पडतात आणि त्यांची अंडी जिवंतच असतात. म्हणून ७२ तास कुत्र्याला टणक जमिनीवर बांधून ठेवा, भाजीच्या वाफ्यापासून आणि पाण्यापासून लांब. विष्ठा रोज फावड्याने उचला आणि काड्या-तुराट्यांवर घालून जाळा किंवा खोल पुरा. शेणखताच्या ढिगात टाकू नका. फिनाईल, डेटॉल, ब्लीचिंग पावडर यांनी ही अंडी मरत नाहीत. मरतात ती उष्णतेने, उकळत्या पाण्यात तर तत्काळ. बांधलेली जागा शेवटी उकळतं पाणी ओतून धुवा, फावडंही. उचलणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी घालावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

किती वेळा? कुत्र्याने पुन्हा कच्ची गाठ खाल्ली तर सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात, म्हणून दर वेळी सहा आठवडे व्हायच्या आतच दिलेली गोळी चक्र पुरतं तोडते. धनगरांच्या आणि खाटकाच्या दुकानाजवळच्या कुत्र्यांना असंच द्यावं. बाकीच्यांना वर्षातून किमान चार वेळा. तारखा विसरतात, सण विसरत नाहीत: संक्रांत, गुढीपाडवा, आखाडी, दसरा. साधारण तीन-तीन महिन्यांचं अंतर आपोआप पडतं. कंदुरीत कुत्र्याने कच्चे अवयव खाल्ल्याचं कळलं तर सण येण्याची वाट न बघता महिन्याच्या आत एक जादा मात्रा द्या.

मेंढपाळाला हे पटवायचं असेल तर माणसाच्या आजारापासून सुरुवात करू नका. कळपातली एखादी मेंढी मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरते आणि मरते, हे त्याने पाहिलेलं असतं. तिच्या मेंदूत जी पाण्याची गाठ असते तीही कुत्र्याच्या आतड्यातल्या दुसऱ्या एका पट्टकृमीचीच. प्राझिक्वांटेल दोन्ही किडे मारतं. कुत्र्याच्या गोळीने मेंढी वाचते हा हिशेब त्याला लगेच समजतो.

घरात

अंडी एवढी बारीक की धुळीत दिसत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावरची अंडी सुकून लवकर मरतात, पण गोठ्याच्या सावलीत, ओलिताच्या शेतात, उकिरड्याच्या कडेला ती महिनोन्‌महिने तग धरतात. कुत्र्याला हात लावल्यावर, मातीतून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं हा सगळ्यांत मोठा बचाव. रांगणाऱ्या पोरांना अंगणात कुत्र्याशेजारी सोडू नका, त्यांची नखं कापत जा, कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका. कुत्र्याचं भांडं वेगळं.

सांभार (कोथिंबीर), कांद्याची पात, मुळा, गाजर, काकडी असं जे कच्चं खातो ते वाहत्या पाण्यात एकेक पान चोळून, तीनदा पाणी बदलून धुवा. मिठाच्या किंवा पोटॅशच्या पाण्यात बुडवल्याने अंडी मरत नाहीत, ती चोळून निघून जावी लागतात. परसातल्या वाफ्याला काट्यांचं कुंपण घाला. विहिरीतल्या टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) या अंड्यांवर उपयोग नाही. शंका असेल ते पाणी उकळा.

माणसात गाठ असेल तर

दहापैकी साधारण सात गाठी लिव्हरमध्ये होतात, दोन फुप्फुसात, उरलेल्या मूत्रपिंड, प्लीहा, मेंदू, हाडं अशा ठिकाणी. गाठ फार हळू वाढते, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर, त्यामुळे लहानपणी पोटात गेलेलं अंडं तिशी-चाळिशीत त्रास देतं. उजव्या बरगडीखाली जडपणा, जेवलं की पोट लगेच भरल्यासारखं, हाताला लागणारा गोळा, कधी कावीळ. फुप्फुसात असेल तर जुना खोकला, छातीत दुखणं, थुंकीत रक्त. खोकताना एकदम तोंडभर खारट पाणी आणि त्यात पांढऱ्या सालीचे तुकडे आले तर गाठ श्वासनलिकेत फुटली समजा.

पोटात गोळा आहे म्हणून पोट चोळून घेणं, मळून घेणं, डाग देणं अजिबात करू नका. चोळताना गाठ फुटली तर तिचं पाणी पोटात पसरून नव्या गाठी होतात. त्याहून वाईट म्हणजे अंगावर एकदम पित्त उठणं, श्वास अडकणं, रक्तदाब कोसळणं हे काही मिनिटांत होऊ शकतं. असं झालं तर १०८ ला फोन करा आणि रुग्णाला आडवं ठेवा. बैलाने ढुसणी मारल्यावर किंवा झाडावरून पडल्यावर असा प्रकार झाला तर डॉक्टरांना हायडॅटिडची शंका बोलून दाखवा.

पहिली तपासणी पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे. सोनोग्राफीवरून गाठीची अवस्था ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सीई१ ते सीई५ अशा अवस्था आहेत: सीई१ आणि सीई२ जिवंत, वाढत्या, सीई३ बदलत असलेल्या, सीई४ आणि सीई५ निवत गेलेल्या. रिपोर्टवर ही अवस्था आणि गाठीचं माप लिहून मागा, कारण पुढचा सगळा इलाज त्यावर ठरतो. रक्ताची तपासणी मदतीला असते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून गाठ हायडॅटिडची नाही असं होत नाही, विशेषतः फुप्फुसातल्या गाठीत. आणि 'पाणी काढून तपासू' म्हणून कुणी साध्या सुईने गाठ टोचू लागलं तर थांबवा.

पाच सेंटिमीटरपर्यंतची, एकच पोकळी असलेली लिव्हरमधली गाठ अनेकदा नुसत्या अल्बेंडाझोलने निवते. मात्रा दिवसाला दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. मोठ्या माणसाला बहुधा ४०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, तीन ते सहा महिने, खंड न पाडता. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी एक गोळी हीच असली तरी एका गोळीने गाठीला काही होत नाही. रिकाम्या पोटी हे औषध फारसं शोषलं जात नाही, तेला-तुपाच्या जेवणासोबत ते कितीतरी पटीने जास्त लागू होतं. बरे वाटत नाही म्हणून तक्रार करणारे बरेच रुग्ण ते सकाळी चहासोबत घेत असतात. औषध चालू असताना लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, मग महिन्याला करायची, कारण लिव्हरला सूज येऊ शकते आणि पांढऱ्या पेशी उतरू शकतात. केस गळले तर घाबरू नका, परत येतात. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हे औषध चालत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधीच सांगा.

मध्यम आकाराच्या योग्य गाठींत सोनोग्राफीखाली सुई घालून पाणी काढतात, आत तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल सोडून मुंडकी मारतात आणि ते परत ओढून घेतात. ही पेअर पद्धत. ती अल्बेंडाझोलच्या संरक्षणाखाली आणि भूल-जीवरक्षणाची सोय असलेल्या ठिकाणीच करायची. गाठ पित्तनलिकेत उघडत असेल किंवा फुप्फुसात असेल तर ती चालत नाही. मोठ्या, आत अनेक पिल्लू-गाठी असलेल्या, फुटायला आलेल्या गाठींना ऑपरेशन लागतं. निवलेल्या सीई४-सीई५ गाठींना बहुधा काहीच करावं लागत नाही, फक्त लक्ष ठेवायचं. अशा गाठीवर घाईने ऑपरेशन सुचवलं गेलं तर दुसरं मत घ्या. विदर्भात नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे शल्यविभाग आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. बरं झाल्यावरही पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि पुढे किमान पाच वर्षांपर्यंत वर्षाला एकदा. घरातल्या एकाला गाठ निघाली तर बाकीच्यांचीही एकदा सोनोग्राफी करून घ्या. ती लागण त्याच्याकडून होत नाही, पण अंगण आणि कुत्रं सगळ्यांचं एकच असतं.

मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार आपल्याकडे दिसतो तो डुकराच्या पट्टकृमीचा, वेगळा. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात, म्हणून तिथे बचाव संडासाचा. फिट येणाऱ्याला जंताचं औषध म्हणून प्राझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोल स्वतःहून देऊ नका. मेंदूतल्या गाठी एकदम मरू लागल्या की सूज येऊन फिट वाढतात.

गावाने करायचं तर

आइसलँडमध्ये हा आजार एके काळी घरोघरी होता. हाराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३-६४ मध्ये तिथे कुत्र्यांची पाहणी केली आणि गाठी कुत्र्याला घालू नका हे साध्या भाषेत सांगणारी पुस्तिका घरोघर वाटली गेली. पुढे कायदे झाले आणि विसाव्या शतकात आजार तिथून गेला. न्यूझीलंडने २००२ मध्ये देश तात्पुरता हायडॅटिडमुक्त झाल्याचं जाहीर केलं. कुठेही याला यंत्र लागलं नाही. कच्चे अवयव कुत्र्यापासून दूर आणि कुत्र्याला औषध, एवढंच वर्षानुवर्षं केलं गेलं.

हिशेब करून बघा. गावात पाळलेली आणि मोकाट मिळून ६० कुत्री धरली, सरासरी वजन १५ किलो, तर एका फेरीला ५० मिलिग्रॅमच्या ९० गोळ्या लागतात, वर्षाच्या चार फेऱ्यांना ३६०. ग्रामपंचायतीला न झेपणारी ही गोष्ट नाही. एका वहीत कुत्र्याचा रंग, मालक, वजन, तारीख लिहा. मोकाट कुत्र्यांना गोळीचा तुकडा हातातून एकेक द्या आणि गिळताना बघा. नुसते तुकडे टाकून निघून आलात तर दांडगं कुत्रं चार खातं आणि बाकी तशीच राहतात. रेबीजची लस द्यायला पथक येतं त्याच दिवशी ही फेरी धरली तर कुत्री एकदाच पकडावी लागतात. आठवडी बाजारातल्या खाटकांना झाकणाची टाकी आणि पक्का खड्डा करून द्या. ते नाही म्हणत नाहीत, त्यांना टाकायला जागा नसते एवढंच.

परिणाम मोजायला माणसांच्या सोनोग्राफीवर जाऊ नका. आज ज्यांच्या पोटात गाठी आहेत त्या पुढची दहा-पंधरा वर्षं निघतच राहतील आणि लोक म्हणतील, गोळ्यांचा उपयोग झाला नाही. म्हाताऱ्या शेळ्या-मेंढ्यांतही जुन्या गाठी मिळतील. बघायचं ते फेऱ्या सुरू झाल्यानंतर गावातच जन्मलेल्या जनावरांत. खाटकाला वहीत दोन रकाने वाढवून द्या, जनावराचं वय आणि कलेजी-फुप्फुसात गाठ आहे की नाही. तीन-चार वर्षांनी त्या वयाच्या शेळ्यांत गाठी दिसेनाशा झाल्या असतील तर गोळ्या पोचत आहेत. दिसत असतील तर कुणाचं तरी कुत्रं वहीतून सुटलं आहे, किंवा गावाबाहेर पुन्हा जनावर उघड्यावर पडतं आहे.